ट्राइकची चेन: तेल की मेण?
रिकम्बंट ट्राइकची (मागे रेलून चालवायच्या तीनचाकी सायकलची) चेन साध्या सायकलच्या जवळपास तिप्पट, पुढच्या पेडलच्या क्रँकपासून सीटखालच्या आयडलरवरून (चेनला वाट देणाऱ्या छोट्या चाकावरून) थेट मागच्या चाकापर्यंत, आणि जमिनीला इतकी जवळ की पुढची दोन चाकं उडवतात ती सगळी धूळ तिच्यावरच. तेल सोपं, पावसातही टिकतं, पण धूळ धरून काळा चिकटा होतो आणि तो चेन ट्यूबमध्ये (चेन ज्यातून जाते त्या नळीत) शिरला की पुसणार कसा? वितळलेल्या मेणात बुडवलेली चेन मस्त कोरडी राहते, पँटही वाचते, फक्त आधी एवढी लांबलचक चेन काढा, डिग्रीझरने (तेल-ग्रीस काढणाऱ्या द्रवाने) धुवा, परत ट्यूबमधून नाडीसारखी ओवा (काढतानाच टोकाला दोरी बांधून ठेवा, नाहीतर बसा बोंबलत). मोठ्या पावसात मात्र मेण लवकर जातं. मी तर उन्हाळ्यात मेण, पावसाळ्यात तेल. तेलकट चेनवर मेण धरत नाही, तेवढं सांभाळा.