नौपाड्यातील इंग्रजीचा सायंवर्ग
ठाण्यात गोखले रस्त्यालगत नोकरदारांसाठी चालणाऱ्या या वर्गात इंग्रजी क्रियापद आणि ‘ऑफ’, ‘आफ्टर’ असा छोटा शब्द मिळून होणाऱ्या जोड्यांची (फ्रेझल व्हर्ब्जची) यादी पाठ करून घेतली जात नाही, तर प्रत्येक जोडी कार्यालयातील एखाद्या ईमेलमधून किंवा फोनवरच्या संभाषणातून समोर येते. बैठक पुढे ढकलली तर ‘पुट ऑफ’, रद्दच केली तर ‘कॉल ऑफ’, हा फरक एकाच पत्रव्यवहारात दाखवल्यामुळे मनात पक्का बसतो. मला सर्वांत मोलाचा वाटला तो सर्वनामाच्या जागेचा पाठ: ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही चालतात, पण पंख्याऐवजी ‘इट’ आले की ते मध्येच बसवून ‘टर्न इट ऑफ’ म्हणावे लागते, उलट ‘लुक आफ्टर’ची जोडी तुटत नाही, म्हणून ‘लुक हर आफ्टर’ चूक ठरते. अर्ज भरण्यासाठी ‘फिल इन’ आणि अमेरिकेत रूढ असलेले ‘फिल आउट’ हा भाग मात्र घाईने उरकला. टिपणांची छपाई पुसट आहे आणि मागच्या बाकांवर हॉर्नचा आवाज फार येतो. गोखले रस्ताच तो. व्याकरण येत असूनही बोलताना अडखळणाऱ्यांनी येथे अवश्य नाव नोंदवावे. अगदी नवशिक्यांना हा वेग झेपणार नाही.