नागपुरातील ईआरसीपी केंद्र: रुग्णाच्या नातेवाइकाचा अभिप्राय

ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेतील खडा काढण्याची प्रक्रिया, कुठे करावी हे ठरवताना आपल्याकडे खर्च आणि डॉक्टरांचे नाव एवढेच पाहिले जाते. माझ्या मते गुंतागुंत टाळण्यासाठी ते केंद्र काय करते हे आधी विचारावे. माझ्या भाच्यावर नागपुरातील ज्या खासगी केंद्रात उपचार झाले, ते या कसोटीला उतरले.

भाचा गडचिरोली जिल्ह्यातला, सिकलसेलचा रुग्ण. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटत असल्याने कमी वयातच पित्ताशयात खडे होतात. पण ‘सिकलसेलवाल्याचे डोळे पिवळे असायचेच’ असे म्हणून गावात नलिकेत अडकलेल्या खड्याकडे दुर्लक्ष होते, ही मला फार गंभीर बाब वाटते. केंद्राने आधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय, करून खडा नलिकेतच असल्याची खात्री केली, कारण केवळ निदानासाठी ईआरसीपीचा धोका पत्करण्याचे कारण नसते.

या प्रक्रियेनंतर सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत म्हणजे स्वादुपिंडाचा दाह. तो टाळण्यासाठी, किडनीच्या तपासण्या पाहून, प्रक्रियेपूर्वी गुदद्वारातून इंडोमेथासिन हे दाह कमी करणारे औषध दिले गेले आणि रिंगर लॅक्टेटचे सलाईन चालू ठेवले गेले. दुर्बिणीतून घातलेली तार स्वादुपिंडाच्या नलिकेत वारंवार गेली तर तिथे तात्पुरती बारीक नळी ठेवावी लागेल, हे डॉक्टरांनी संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वीच समजावून सांगितले. खडा काढण्यासाठी पित्तनलिकेचे तोंड कापताना रक्तस्राव होऊ नये म्हणून रक्त गोठण्याची तपासणी झाली. सिकलसेलमध्ये शरीरातील पाणी किंवा प्राणवायू कमी होणे घातक असल्याने उपाशी असतानाही सलाईन आणि भूल असताना ऑक्सिजन, दोन्हींकडे परिचारिकांचे बारकाईने लक्ष होते.

उणीव रुग्णाला घरी सोडण्याच्या वेळी जाणवली. पित्तनलिकेत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी नळी, ठेवला होता. तो साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो, अन्यथा तो तुंबून नलिकेत जंतुसंसर्ग होतो. ही सूचना कागदावर केवळ इंग्रजीत होती. आम्ही विचारल्यावर परिचारिकेने तारीख मराठीत लिहून दिली आणि ताप, थंडी, काळी शौच किंवा पोटात तीव्र दुखणे यांपैकी काहीही झाल्यास लगेच दवाखाना गाठण्यास सांगितले. दुर्गम गावातून येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला हा मराठी कागद न मागता मिळाला पाहिजे, असे मी व्यवस्थापनाला लेखी कळवले आहे.