पोस्टक्रॉसिंग : साडेतीन वर्षांच्या पोस्टकार्डांनंतर टॅम्पेरेला झालेली भेट

परदेशात एकटीने फिरताना तिथल्या माणसांशी गाठ घालून देणाऱ्या सेवा आज पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या दोन-तीन मी वापरून पाहिल्या आहेत. पोस्टक्रॉसिंग, म्हणजे जगभरच्या अनोळखी सदस्यांनी एकमेकांना पोस्टकार्डे पाठवण्याचे संकेतस्थळ, ही त्या कामासाठी काढलेली सेवाच नव्हे. तरीही गेल्या जूनमध्ये फिनलंडला एकटी गेले असताना जी भेट सर्वांत निर्धास्तपणे पार पडली, ती हिच्यामुळे. म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्या एका अंगाविषयी आहे.

पोर्तुगालमधील पाउलो मागाल्याइश यांनी 14 जुलै 2005 रोजी हे संकेतस्थळ सुरू केले आणि आजवर त्यावरून 7 कोटींहून अधिक पोस्टकार्डे पोहोचली आहेत. नावनोंदणी फुकट आहे. खर्च होतो तो कार्डाचा आणि तिकिटांचा. आपण पत्ता मागितला की जगातल्या कोणत्याही सदस्याचा पत्ता व एक क्रमांक मिळतो, भारतातून जाणाऱ्या कार्डाचा क्रमांक 'आयएन' या अक्षरांनी सुरू होतो, आणि तो कार्डावर लिहायचा असतो. कार्ड मिळालेल्या माणसाने तो क्रमांक नोंदवला की आपला पत्ता तिसऱ्याच कोणाला तरी दिला जातो. म्हणजे ज्याला आपण लिहितो, त्याचे उत्तर पोस्टाने येईलच असे नाही. सुरुवातीला एका वेळी पाचच कार्डे वाटेवर ठेवता येतात, पुढे ही मर्यादा वाढत जाते, आणि 60 दिवसांत न पोहोचलेले कार्ड मुदतबाह्य धरले जाऊन ती जागा मोकळी होते.

ही रचना पाहता येथे मैत्री जुळणे हा जवळजवळ अपघातच म्हणावा लागेल. माझ्या बाबतीत तो 2021 मध्ये घडला. आपल्याकडे धड पोस्टकार्डे मिळत नाहीत, त्यामुळे मी वारली चित्रे जाड कागदावर छापून घेते. त्यांतले तारपा नृत्याचे एक कार्ड फिनलंडमधील टॅम्पेरे या शहरातल्या एका निवृत्त ग्रंथपाल बाईंना गेले. पोच देताना बहुतेक लोक 'सुंदर कार्डाबद्दल आभार' एवढेच लिहितात. बाईंनी मात्र विचारले की नाचणाऱ्यांची ही माळ शेवटी बंद का केलेली नाही. उत्तर पोच-निरोपाच्या चौकटीत मावण्यासारखे नव्हते, म्हणून मी दुसरे कार्ड थेट त्यांच्या पत्त्यावर पाठवले. पुढे साडेतीन वर्षांत आमच्यात चाळीसेक कार्डे झाली असतील. एका कार्डाला सरासरी तीन आठवडे लागत, त्यामुळे माझ्या आईच्या शस्त्रक्रियेची बातमी त्यांना कळली तोवर आई घरात हिंडूफिरू लागली होती.

हा संथपणाच या सेवेचा मोठा गुण आहे, असे मला आता वाटते. एका वेगळ्या, बऱ्याच नावाजलेल्या अ‍ॅपवर (नाव मुद्दाम घेत नाही) मी एका शहरात पोहोचल्याचे नोंदवले, तेव्हा तासाभरात अकरा जणांचे निरोप आले आणि त्यांतल्या एकानेही मी तिथे काय पाहायला आले आहे हे विचारले नाही. पोस्टकार्डावर तीन आठवड्यांनी पोहोचणारा मजकूर लिहिताना माणूस स्वतःविषयी काहीतरी टिकाऊ सांगतो, आणि ज्याच्या मनात काळेबेरे आहे त्याला साडेतीन वर्षे तिकिटे चिकटवण्याइतका धीर सहसा नसतो. ही काही हमी नव्हे. पोस्टक्रॉसिंग कोणाची ओळखपत्रे तपासत नाही. कार्ड पोहोचते म्हणजे पत्ता खरा आहे, यापलीकडे ते काहीच सिद्ध करत नाही, आणि आपला स्वतःचा पत्ता अनोळखी माणसांच्या हाती जातो हेही नाव नोंदवण्यापूर्वी ध्यानात घ्यायला हवे.

म्हणून भेटीची आखणी मी माझ्या पद्धतीने केली. बाईंनी घरी राहण्याचा आग्रह केला होता, पण यजमानाकडे राहायचे म्हटले की व्हिसाच्या अर्जात त्यांचा तपशील आणि सोबत निमंत्रणपत्र द्यावे लागते. 90 युरो शुल्क भरलेल्या अर्जात आमचे नाते काय म्हणून लिहायचे, या प्रश्नाला सामोरे जाण्यापेक्षा मी खोली घेतली. त्यात एक फायदाही असतो: भेट जमली नाही तर कोणाच्या घरातून उठून जावे लागत नाही. भेटण्याची जागा मी सुचवली ती टॅम्पेरेच्या वाप्रीक्की या संग्रहालय-संकुलातील टपाल संग्रहालयाची. धबधब्याकाठच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत हे संकुल आहे आणि टपाल संग्रहालय 2014 मध्ये तिथे आले. आम्ही एकमेकींची छायाचित्रे कधी पाहिली नव्हती, तेव्हा खूण म्हणून मी त्यांना माझे पहिले वारली कार्ड आणायला सांगितले. त्यावरचा क्रमांक माझ्या नोंदीत होता आणि ते कार्ड त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडे असणे शक्य नव्हते. प्रवेशद्वारापाशी उभ्या असलेल्या उंच बाईंनी काही न बोलता ते कार्ड माझ्यासमोर धरले. मी क्रमांक ताडून पाहिला, आणि त्यांनी तो मला नीट ताडू दिला.

पहिला अर्धा तास अवघड गेला, हे मान्य केले पाहिजे. फिनिश माणसांना शांतता खुपत नाही, मला खुपते. लिहिण्यासारखे सगळे आम्ही कार्डांवर लिहून टाकले होते आणि गप्पा कशा मारायच्या याचा आम्हा दोघींना सराव नव्हता. संग्रहालयाने तेव्हा हात दिला, कारण समोरच्या वस्तूविषयी बोलता येते. मग कॉफी आणि दालचिनीचा गोड पाव झाल्यावर मात्र बाई खुलल्या. मी त्यांच्यासाठी बाकरवडी नेली होती; पेढे न्यायचे मनात होते, पण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ तिथे आणू देत नाहीत. बाकरवडी त्यांनी कॉफीत बुडवून खाल्ली. मी काही बोलले नाही. जूनमध्ये तिथे रात्री अकरानंतरही उजेड असतो, त्यामुळे साडेदहाला एकटीने मुक्कामी परतताना मागे वळून पाहावे लागले नाही.

दोन दिवसांनी हेलसिंकीत सदस्यांचा एक छोटा मेळावा होता. असे मेळावे सदस्य आपल्या हौसेने भरवतात आणि संकेतस्थळावर त्यांची यादी देशवार पाहता येते. एकट्या प्रवाशाने निघण्यापूर्वी ती जरूर चाळावी, कारण अनोळखी एकाला भेटण्यापेक्षा अनोळखी बारा जणांना उपाहारगृहात भेटणे केव्हाही सोपे. मात्र गप्पांच्या अपेक्षेने जाऊ नये. प्रत्येक जण आपली कार्डे टेबलावर फिरवतो आणि इतरांनी त्यांवर सही करायची असते, त्यामुळे पहिला तासभर सगळे मान खाली घालून सह्या करत असतात. जुने सदस्य तर नावाचा शिक्का करूनच आणतात. माझी सही देवनागरीत असल्याचे कोणाच्या तरी लक्षात आले आणि मग प्रत्येकाला आपले नाव देवनागरीत लिहून हवे झाले. फिनिश नावांतले जोडस्वर लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा जो गोंधळ मी केला असेन, तो तिथे कोणाला कळण्यासारखा नव्हता.

गुण द्यायचेच तर मी पाचांपैकी चार देईन. ज्यांना पुढच्या महिन्यात कुठे तरी जायचे आहे आणि तिथे सोबत हवी आहे, त्यांना या सेवेचा उपयोग नाही. जिथे जावेसे वाटते त्या देशाशी दोन-तीन वर्षे आधीपासून लिहीत राहण्याची तयारी असणाऱ्यांसाठी ती आहे. पाचवा गुण मी राखून ठेवला तो एका बारीकशा कारणासाठी. पत्ता सेवेकडून मिळालेली तेवढीच कार्डे ती मोजते, थेट पाठवलेली मोजत नाही. त्यामुळे माझ्या खात्यात टॅम्पेरेच्या त्या पत्त्यावर आजही एकच कार्ड दिसते, 2021 सालचे, आणि त्यापुढे वाटेत लागलेले दिवस : 23.