टेली-मानस (१४४१६): आई बोलली एकदाची

बाबा गेल्यापासून आईची झोप उडाली होती. आधी एका खासगी ॲपवर पैसे भरले. समुपदेशक मुलगी हुशार, पण बोलणं सगळं इंग्रजाळलेलं. आई नुसती ‘हो हो’ करत राहिली.

मग टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावला, मराठी निवडली. पलीकडच्या ताईंनी दिवसकार्य गावी केलं का, घरात सोबतीला कोण असतं, हे आधी विचारलं, सल्ला नंतर. आई रडली आणि चक्क जेवलीही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा २० भाषांत, चोवीस तास आणि फुकट आहे. समुपदेशकांना नोंदणीच्या चौकटीत आणणारा कायदा २०२१ चा. (उशीरच की!) तोवर कुणीही पाटी लावावी! त्यामुळे ॲपवाल्यांची पदवी विचारून घ्या. आणि १४४१६ वर दर वेळी तीच ताई मिळेल असं धरून चालू नका.