कॅरॅव्हॅनचा पोचा तसाच ठेवला, चीर भरली: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

नोव्हेंबरमध्ये खारघरला सोसायटीच्या गेटातून रिव्हर्स घेत होतो. वॉचमन "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत राहिला आणि कॅरॅव्हॅन खांबाला घासली. ही गाडीमागे जोडून ओढायच्या प्रकारातली आहे, सेकंडहँड घेतलेली. डाव्या अंगाला ताटाएवढा पोचा आणि मागच्या कोपऱ्यात वीतभर चीर. पोचा रस्त्यापलीकडून दिसायचा, चीर बोट फिरवून शोधावी लागायची. त्यामुळे सगळी हळहळ पोच्यासाठी.

तुर्भ्याच्या एका बॉडीशॉपने ३८,००० सांगितले. कारचा पोचा आतून ठोकून काढतात. इथे जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा फोमवर चिकटवलेला, त्याच्या आत प्लाय. मागून हात घालायला जागाच नाही. म्हणजे लांबी (पुट्टी) भरून रंग मारायचा, नाहीतर वरून नवा पत्रा चढवायचा. विम्याच्या क्लेमचाही विचार केला. पण झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलेलं नव्हतं, कोपऱ्यासारख्या फायबरच्या भागावर ३० टक्के घसारा कापतात, वर तीन वर्षांत जमलेला ३५ टक्क्यांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) शून्यावर. पत्रा कुठे फाटला नव्हता, पाणी शिरत नव्हतं. पोचा राहू दिला.

चिरेच्या बाबतीत मात्र मी माती खाल्ली. एका गॅरेजवाल्याकडून पाचशे रुपयांत सिलिकॉन ओढून घेतलं आणि विसरलो. एप्रिलच्या उन्हात त्याची कड सुटली. मेमध्ये अवकाळी सरी पडून गेल्यावर ओल मोजायचं मीटर लावलं: पोच्याजवळ ११ टक्के, कोपऱ्यातल्या कपाटामागे २४. साधारण १५ पर्यंत ठीक धरतात, २० च्या वर गेलं की आत काहीतरी मुरतंय.

शेवटी दिवाळे कोळीवाड्यात होड्यांचं फायबरकाम करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, "फायबर हाय का प्लॅस्टिक?" प्रश्न रास्त होता, कारण काही कॅरॅव्हॅनचे कोपरे एबीएस प्लॅस्टिकचे असतात आणि होडीचं रेझिन (फायबरकामात लावतात तो, वाळून कडक होणारा चिकट द्राव) त्यावर नीट धरत नाही. मागचा दिवा काढून आतून पाहिलं तर काचेचे तंतू दिसले. मग सिलिकॉन बघून त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. सिलिकॉनवर काहीच चिकटत नाही, ते खरवडण्यातच अर्धा दिवस गेला. नंतर चीर ग्राइंडरने रुंद केली, आतून काचतंतूंच्या मॅटचे दोन थर रेझिनमध्ये भिजवून बसवले, बाहेरून जेलकोट, म्हणजे फायबरचा वरचा गुळगुळीत रंगीत थर. एकूण ६,५००.

तक्रारी आहेत. जुना पॅनेल पिवळसर पडलाय, त्यावर नवा पांढरा पट्टा डोळ्यात भरतो. रेझिनचा वास चार दिवस गेला नाही, तोवर आत झोपायची सोय नव्हती. आणि हे मी नोव्हेंबरातच केलं असतं तर कपाटाचा खालचा प्लाय फुगला नसता. तो अजून बदलायचाय.

आता जुलै, पाऊस धो धो. कोपऱ्याचं रीडिंग परवा १४ आलं, पोच्याजवळ १२. मुलाला पोच्यावर मोठं स्टिकर हवंय. मी नको म्हटलं, खाली पत्र्याला तडा गेला तर कळणार कसं? सध्या वाद सुरू आहे.