पुली लॅगिंगच्या रबर कंपाउंडमध्ये सी-५ रेझिन, हिवाळ्यापासून वापरतोय

आपलं काम रोलर कव्हरिंग अन् पुली लॅगिंगचं, म्हणजे रोलर-पुलीवर रबर चढवायचं, हिंगणा एमआयडीसीत. कच्ची शीट पुलीवर थरावर थर चढवायची, वरून पट्टी आवळायची अन् ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली वाफेनं रबर पक्कं करायची टाकी) टाकायची, म्हणजे थराला थर आधीच नीट चिकटला पाहिजे, नाही तर मधात हवा राहते अन् फोड येते. थंडीत शीट पडून राहिली की गंधक वर येऊन पांढुरकी दिसते, चिकटपणा गेलाच समजा. मग सोल्युशनचा (टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं रबर) ब्रश मारत बसा, टोल्युइनचा वास, आगीची भीती, अन् सॉल्व्हंट पूर्ण उडालं नाही तर पुन्हा फोड.

म्हणून कच्च्या रबराचा चिकटपणा वाढवणारं सी-५ रेझिन घेतलं. नॅफ्था क्रॅकिंगमधून निघणाऱ्या मालापासून बनते, पिवळट गोळ्या, सॉफ्टनिंग पॉइंट १०० अंशाच्या आसपास. आमचा बेस नॅचरल रबर, त्याच्याशी हे मस्त जमते. एसबीआर (एक सिंथेटिक रबर) जास्त असेल तर सी-९ हे दुसरं रेझिन बघा, पण ते रंगाला गडद, पांढऱ्या मालात नको.

४-५ पीएचआरमध्ये, म्हणजे शंभर भाग रबराला ४-५ भाग रेझिनमध्ये, काम भागते. दोन शीट एकमेकीवर दाबून ओढल्या तर आता ताणल्या जातात, पटकन सुटत नाहीत, सोल्युशन बरंच कमी लागते. सेल्समन म्हणे जास्त टाका, ताकदही वाढेल. १० टाकून पाहिलं, कंपाउंड (रबराचं तयार मिश्रण) मिलच्या रोलला असं बसलं की सुरीनं ओरबाडावं लागलं, वरून हार्डनेस पडला.

टाकायचं ते नीडरमध्ये (रबर मळायचं बंद मशीन) कार्बनसोबत, अन् डंप, म्हणजे बाहेर काढतानाचं तापमान, ११० अंशाच्या वर गेलं पाहिजे, शेवटी थंड मिलवर टाकलं तर दाणे वितळतच नाहीत, शीट कापली की पिवळे ठिपके. क्युअर (गंधकानं रबर पक्कं होणं) किंचित हळू होते कारण रेझिनमधले उरलेले डबल बाँड थोडं गंधक खातात, आम्ही क्युअरचा वेग वाढवणारा अ‍ॅक्सिलरेटर जरासा वाढवला.

खरी कटकट नवतपात, मे अखेरच्या कडक उन्हात झाली. टिनाचं शेड, बॅगांची उंच थप्पी, खालच्या बॅगांचा पार दगड! पोरं हातोड्यानं फोडत होती. सॉफ्टनिंग पॉइंट १०० असला म्हणून काय झालं, वजनाखाली अन् नागपूरच्या उन्हात गोळ्या त्याच्या कितीतरी आधीच चिकटतात. आता दोन-तीन बॅगांच्या वर थप्पी लावत नाही अन् मे महिन्याचा माल एप्रिलमध्ये भरून ठेवत नाही.

ज्यांचं फक्त मोल्डिंगचं काम आहे अन् थर चढवायचेच नाहीत, त्यांनी चिकटपणासाठी यावर पैसे घालू नये.