ऑफिसातला मेंटॉर की बाहेरचा कोच?

कंपनीत नवे असाल तर मेंटॉरच गाठा. बजेट कोणाकडून पास करून घ्यायचं, कोणत्या साहेबांना आधी फोन करायचा, हे तोच सांगू शकतो, आणि पैसेही पडत नाहीत. पण उद्या ज्याच्या हातात आपलं अप्रेजल जाऊ शकतं, त्याच्यापुढे "मला कोणाला नाही म्हणता येत नाही" हे कबूल करायला जीभ रेटत नाही.

घोळ आपल्याच सवयींचा असेल तर मी कोच निवडेन. तो सहसा उत्तर देत नाही, प्रश्न विचारतो. माझ्या कोचने पहिल्याच सत्रात मागच्या आठवड्याचं कॅलेंडर उघडायला लावलं आणि एकेका मीटिंगवर बोट ठेवून विचारलं, "इथे तुम्ही नसता तर काय अडलं असतं?" २१ पैकी ९ ठिकाणी मी गप्प. त्यातल्या ५ मीटिंगा दुसऱ्याच दिवशी टीममधल्या दोघींकडे सोपवल्या. मेंटॉरच्या सल्ल्याने हे झालं नसतं. त्यांच्या मते मॅनेजर सगळीकडे दिसायलाच हवा.

मात्र कोच म्हणून पाटी कोणीही लावू शकतो. १९९५ साली सुरू झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन तीन पातळ्यांची प्रमाणपत्रं देते. त्यांसाठी प्रत्यक्ष कोचिंगचे अनुक्रमे किमान १००, ५०० आणि २५०० तास लागतात. तेवढं विचाराच. आणि फी कंपनी भरणार असेल, तर सत्रातलं बोलणं एचआरपर्यंत किती पोचणार, हे पहिल्या दिवशीच लेखी ठरवून घ्या.